प्रौढांमधील निद्राकाल आणि आतड्यातील जिवाणू : एक विवेचन

प्रस्तावना :
मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू वास करतात, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुतांश मोठ्या आतड्यात असतात. पचन, प्रतिकारशक्ती व चयापचय यांतील त्यांची भूमिका आता सर्वमान्य आहे. निद्राकालाशीही त्यांचा संबंध असावा, असा विचार गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. या विचाराला कितपत आधार आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संबंधाचे संभाव्य मार्ग :
हा संबंध दुहेरी मानला जातो. अन्नातील तंतूंच्या किण्वनातून जिवाणू लघुशृंखला मेदाम्ले निर्माण करतात. ती आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि प्रतिकारसंस्थेवर प्रभाव टाकतात. व्हेगस मज्जातंतूद्वारे आतड्याचे संकेत मेंदूपर्यंत पोहोचतात. उलटपक्षी, अपुऱ्या झोपेमुळे भूक, जेवणाच्या वेळा व संप्रेरके बदलतात आणि जिवाणूंचे पोषण त्यांवरच अवलंबून असते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या २०१४ मधील संशोधनानुसार उंदरांच्या आतड्यातील जिवाणूंच्या प्रमाणात दिवस-रात्रीनुसार चढउतार होतात. दिनचक्र बिघडल्यास हा क्रमही बिघडतो.

उपलब्ध पुरावा :
स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात २०१६ मध्ये सामान्य वजनाच्या नऊ तरुण पुरुषांवर प्रयोग झाला. दोन रात्री सुमारे सव्वाचार तासच झोप मिळाल्यावर त्यांच्यात बॅक्टेरॉइडिट्सच्या तुलनेत फर्मिक्यूट्स गटाचे प्रमाण वाढले. मेदाम्लांचे प्रमाण मात्र बदलले नाही. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही घटला, परंतु या घटीचा जिवाणूंतील बदलांशी संबंध आढळला नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात चित्र वेगळे दिसले. माणसे व उंदीर या दोहोंतही निद्रा मर्यादित केल्यानंतर जिवाणूंच्या रचनेत ठळक बदल झाला नाही. फ्लोरिडातील २०१९ च्या निरीक्षणात्मक अभ्यासात अधिक काळ व सलग झोपणाऱ्या पुरुषांमध्ये जिवाणूंची विविधता अधिक आढळली. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या २०२३ मधील अभ्यासात ९०० हून अधिक प्रौढांचा समावेश होता. कामाचे दिवस व सुटीचे दिवस यांतील झोपेच्या वेळांत दीड तासाचा फरक असणाऱ्यांत काही जिवाणूंचे प्रमाण भिन्न होते. त्यांच्या आहाराचा दर्जाही तुलनेने कमी होता.

चर्चा :
वरील निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. प्रयोगांत काही रात्रींचा परिणाम तपासला गेला, तर निरीक्षणांत दीर्घकालीन सवयींचे प्रतिबिंब उमटले. प्रयोगांचे नमुने लहान होते. निरीक्षणातून सहसंबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कमी झोपणारी व्यक्ती अनेकदा अवेळी व निकृष्ट आहार घेते, त्यामुळे बदलाचे मूळ झोपेत आहे की ताटात, हे ठरविणे कठीण होते. ‘कमी झोप, म्हणून बिघडलेले जिवाणू, म्हणून मधुमेह’ ही सुटसुटीत साखळी उप्सालाच्या प्रयोगालाही सिद्ध करता आलेली नाही. म्हणूनच झोपेसाठी जिवाणूयुक्त कॅप्सूल सुचविणाऱ्या जाहिरातींकडे चिकित्सक दृष्टीने पाहणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
निद्राकाल व आतड्यातील जिवाणू यांत संबंध असल्याचे संकेत आहेत, मात्र त्याची दिशा व तीव्रता अद्याप निश्चित नाही. स्त्री-पुरुष दोहोंचा समावेश असलेले, आहार नियंत्रित ठेवणारे दीर्घकालीन प्रयोग त्यासाठी हवेत. प्रौढांनी रात्री किमान सात तास झोपावे, ही अमेरिकेतील निद्रावैद्यकतज्ज्ञांची २०१५ मधील शिफारस हृदयविकार, मधुमेह व अपघात यांविषयीच्या स्वतंत्र पुराव्यावर उभी आहे. तिचे पालन करण्यासाठी जिवाणूंच्या साक्षीची वाट पाहण्याचे कारण नाही.