लिंगभेद, सपुष्प वनस्पतींतील
परागकण निर्माण करणारी केसरदले (पुं-केसर) व बीजके धारण करणारी किंजदले (स्त्री-केसर) यांची फुलांत किंवा झाडांत जी विभागणी झालेली असते, तीमुळे रचना व शरीरक्रिया यांत पडणाऱ्या फरकास लिंगभेद म्हणतात. काटेकोरपणे पाहता वनस्पतीचे दृश्य शरीर ही अलिंग पिढी असून लैंगिक पिढी परागकण व गर्भकोश यांपुरतीच मर्यादित असते. तथापि व्यवहारात पराग देणाऱ्या झाडास नर व बीजे देणाऱ्या झाडास मादी म्हणतात.

प्रकार : बहुसंख्य जातींत फुले द्विलिंगी असतात (उदा., जास्वंद, धोतरा). मका, एरंड, भोपळा इ. वनस्पतींत नर-फुले व स्त्री-फुले वेगळी पण एकाच झाडावर असतात (एकत्रलिंगी). खजूर, तोंडली, जायफळ, कोकम इ. वनस्पतींत ती स्वतंत्र झाडांवर येतात (विभक्तलिंगी). अशा जाती एकूण सपुष्प वनस्पतींच्या सु. ५ ते ६ टक्के असून हे लक्षण निरनिराळ्या कुलांत अनेकदा स्वतंत्रपणे उद्‌भवले आहे. त्यामुळे स्वपरागण टळते. परंतु सर्व झाडांना बीजे येत नाहीत व परागासाठी नर झाड जवळपास असावे लागते.

इतिहास : खजुराच्या मादी झाडांवर नर-फुलोरे बांधण्याची प्रथा प्राचीन मेसोपोटेमियात होती. प्रायोगिक पुरावा मात्र जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रूडोल्फ याकोप कामेरारियुस यांनी १६९४ मध्ये प्रसिद्ध केला. एरंडाची नर-फुले उमलण्यापूर्वी खुडल्यास पक्व बीजे धरत नाहीत, असे त्यांना आढळले. चार्ल्स डार्विन यांनी १८७७ च्या ग्रंथात एकाच जातीतील फुलांच्या भिन्न रूपांचे विवेचन केले.

लिंगनिश्चिती : काही जातींत ती लिंग-गुणसूत्रांनी होते. सायलीन लॅटिफोलिया या यूरोपीय ओषधीत मादीत दोन एक्स, तर नरात एक एक्स व एक मोठे वाय गुणसूत्र असते. पपईत वाय गुणसूत्राच्या एका प्रकारामुळे द्विलिंगी झाडे निपजतात. अशा झाडाच्या स्वपरागणातून दोन द्विलिंगी झाडांमागे एक मादी झाड मिळते, कारण एक्स गुणसूत्र नसलेले गर्भ जगत नाहीत. हॉर्मोनांचाही प्रभाव पडतो. काकडीत एथिलिनामुळे स्त्री-फुले, तर जिबरेलिनामुळे नर-फुले वाढतात. भांगेच्या नर झाडांवर एथिलीन मुक्त करणाऱ्या रसायनाने स्त्री-फुले आणता येतात, हे दिल्ली विद्यापीठातील एच्. वाय्. मोहन राम व त्यांचे सहकारी यांनी १९७० मध्ये दाखविले. अ‍ॅरिसीमा ट्रायफायलम या कंदयुक्त ओषधीत लहान झाड नर असते, अन्नसाठा वाढल्यावर ते मादी होते आणि फळधारणेत साठा खर्ची पडल्यास पुन्हा नर होऊ शकते.

शरीरक्रियेतील भेद : या भेदांचे मूळ प्रजोत्पादनाच्या खर्चात आहे. नराचा खर्च मुख्यतः फुलोऱ्याच्या काळापुरता असून परागासाठी त्यास नायट्रोजन बराच लागतो. मादीस मात्र फळे पक्व होईपर्यंत कार्बोहायड्रेटे, खनिजे व पाणी पुरवावे लागते. म्हणून अनेक जातींत नर लवकर फुलतात, त्यांस फुले अधिक येतात व त्यांची शाकीय वाढ जास्त होते; याला अपवादही आहेत. पश्चिम अमेरिकेतील अ‍ॅसर निगुंडो या वृक्षाच्या माद्या ओढ्याकाठी ओलसर जागी, तर नर कोरड्या उतारांवर अधिक आढळतात. नरांची पर्णरंध्रे पाणी अधिक काटकसरीने वापरतात, असे १९९३ मधील अभ्यासात दिसून आले. यामुळे हवामानबदलाचा परिणाम दोन्ही लिंगांवर सारखा होत नाही. रॉकी पर्वतातील व्हॅलेरियाना एड्यूलिस या ओषधीत हवामान उष्ण व कोरडे होत गेले, तसे नरांचे प्रमाण वाढल्याचे २०१६ मध्ये निदर्शनास आले. माद्या घटल्यास किंवा विखुरल्यास बीजोत्पत्ती व पर्यायाने जातीचे अस्तित्व धोक्यात येऊ शकते.

व्यावहारिक महत्त्व : कोकणातील बागायतदारांना या भेदाची झळ प्रत्यक्ष पोहोचते. बियांपासून वाढविलेल्या कोकम व जायफळ यांच्या रोपांपैकी सु. निम्मी नर निघतात आणि हे पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळत नाही. तोवर जागा, पाणी व श्रम खर्ची पडलेले असतात. म्हणून मादी झाडांच्या काड्यांची कलमे लावून परागणापुरती थोडी नर झाडे राखतात. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेले ‘कोकण अमृता’ व ‘कोकण हातिस’ हे कोकमाचे प्रकार कलमांनीच वाढवितात. पपईच्या नर व मादी झाडे देणाऱ्या प्रकारांत एका खड्ड्यात अनेक रोपे लावून फुलोऱ्यानंतर जादा नर काढून टाकतात. अलीकडे गुणसूत्रांवरील विशिष्ट खुणांवरून पपईसारख्या काही वनस्पतींत रोपावस्थेतच लिंग ओळखणे शक्य झाले आहे.