मैदान मारलं, मतपेटीनं हरवलं

दक्षिण सिक्कीममधील तिनकिताम या डोंगराळ खेड्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा बायचुंग भुतिया. क्रीडा शिष्यवृत्तीवर गंगटोकला शिकला आणि १९९३ मध्ये, सोळाव्या वर्षी, कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात दाखल झाला. १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्यात सव्वा लाखावर प्रेक्षकांसमोर त्याने मोहन बागानवर तीन गोल चढवले. १९९९ मध्ये तो इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला.

२०११ मध्ये गड्यानं आंतरराष्ट्रीय फुटबॉलला रामराम केला. मग राजकारणाचं वारं लागलं. २०१४ ला दार्जिलिंगमधून लोकसभा, २०१६ ला सिलिगुडीतून विधानसभा, दोन्हीकडे हार. २०१८ मध्ये स्वतःचा हमरो सिक्कीम पक्ष काढला, तरी गुलाल काही लागला नाही. २०२२ मध्ये फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला, तर ३३ विरुद्ध १ मत! टाळ्या वाजवणारे हात मतं देतातच असं नाही. २०२४ ला पुन्हा पडल्यावर निवडणुकीचं राजकारण सोडत असल्याचं त्यानं जाहीर केलं.

२०१० मध्ये त्यानं पोरांसाठी फुटबॉल शाळा काढल्या. त्याला मात्र कुणाचं मत मागावं लागलं नाही.