खालीं आणलेल्या मोटारीचीं मागील चाकें

गेल्या हिवाळ्यांत आमच्या वडील वहिनी नेत्रचिकित्सेसाठीं वाशीमहून नागपुरास मोटारीनें निघाल्या होत्या. सामान चढत असतां आम्हीं सहज मागील टायराच्या आंतल्या कडेवरून हात फिरविला, तों बोटाला तार टोंचली. बाहेरून टायर नव्यासारखा. आंतील दोन बोटें रुंदीची पट्टी मात्र झिजून रबराखालचें जाळें उघडें पडलेलें. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यापासून आम्ही वाशीमकर शेलूबाजाराकडून त्यावर चढतों. तेथें मोटारींस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मोकळीक आहे. त्या वेगांत काय घडलें असतें तें घरांत कोणीं बोलून दाखविलें नाहीं. वहिनी एस्. टी.नें गेल्या.

गाडी स्कोडाची ऑक्टाव्हिया आर. एस., आपल्याकडे २०१७ सालीं आलेल्या पिढीची. धाकट्या पुतण्यानें ती जुनी घेतली व पहिल्याच महिन्यांत आंखूड स्प्रिंगा बसवून खालीं आणविली. आम्हीं जाब विचारतांच तो म्हणाला, "काका, माझ्या मित्राची पोलो याहूनहि खालीं आहे. तिचे टायर कसे झिजले नाहींत?" प्रश्न रास्त होता, आणि त्यांतच दोषाचें मूळ सांपडलें.

पोलोच्या मागील दोन्ही चाकांमध्यें एकच आडवी तुळई असते. शरीर खालीं बसलें तरी चाकांचा कल फारसा बदलत नाहीं. ऑक्टाव्हिया आर. एस.मध्यें प्रत्येक चाक वेगवेगळ्या दांड्यांनीं स्वतंत्र धरलेलें असतें. दांड्याचें आंतलें टोंक सांध्यांत अडकलेलें, त्यामुळें बाहेरचें टोंक बिजागरीवरील दाराप्रमाणें वर्तुळाच्या कमानींत फिरतें. वरच्या व खालच्या दांड्यांच्या कमानी सारख्या नसतात. म्हणून गाडी खालीं येतांच चाकाचा माथा आंत झुकतो. यास कॅम्बर म्हणतात. त्याच वेळीं चाकाचें तोंडहि सरळ रेषेंतून ढळतें, तो टो.

लोक सारा दोष कॅम्बरला देतात. आमच्या मतें तो अर्धाच दोषी. झुकलेलें चाक भार आंतल्या कडेवर घेतें खरें. परंतु टो बिघडला म्हणजे तेंच चाक पुढें जातांना आडवें फरपटतें, आणि भार असलेली कड खरवडून काढतें. शिवाय डाव्या-उजव्या चाकांचा टो असमान असेल तर गाडी खेंकड्यासारखी तिरकी धांवते, व चालकास सुकाणूचक्र वांकडें धरून सरळ जावें लागतें. आमच्या पुतण्यास हें जाणवत होतें; एका कारागिरानें मात्र केवळ पुढचीं चाकें जुळवून त्याची बोळवण केली होती.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. हवा नीट भरून, गाडी सपाट जागीं चाकांवर उभी करून चारहि चाकांचें मोजमाप घ्यावें. प्रथम मागील कॅम्बर, नंतर मागील टो, आणि शेवटीं पुढचीं चाकें. कारण कॅम्बर हलविला कीं टो पुन्हां सरकतो. मूळच्या बोल्टांची सोय अपुरी पडली तर लांबी कमीजास्त करतां येणारा वरचा दांडा बसवावा लागतो. आम्हांला तो लागला. टो किंचित् आंत ठेवावा. मागील चाकांचीं तोंडें बाहेर वळलीं तर गाडी वळणावर बुजऱ्या घोड्यासारखी वागते.

एक गोष्ट पुष्कळ कारागीर चुकतात. दांड्यांच्या सांध्यांत रबरी बुश असतात. चाकें अधांतरीं लोंबत असतांना बोल्ट आंवळले, तर गाडी जमिनीवर येतांच रबर पिळलेलें राहतें व लवकर फाटतें. भार चाकांवर असतांनाच शेवटचा आंवळ द्यावा.

एवढें करूनहि चाकास वर उचलण्यास उरलेली जागा वाढत नाहीं. मागें तीन माणसें व फराळाचे डबे असले म्हणजे प्रत्येक गतिरोधकावर ठोका बसे. शेवटीं पुतण्याशीं तह होऊन कमी खालीं आणणाऱ्या स्प्रिंगा बसल्या, व मोजमाप पुन्हां नव्यानें झालें. अशा फेरफाराआधीं आर. टी. ओ. कचेरींतहि विचारावें: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावरून सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत बदलांस मनाई केली आहे.

वहिनी गेल्या महिन्यांत त्याच गाडींतून नागपुरास जाऊन आल्या. निघण्यापूर्वीं त्यांनीं स्वतः वांकून टायरावरून हात फिरविला. पुतण्यास मात्र गाडी अजून दोन बोटें उंच वाटते.