हिशेबाच्या फाईलला किती किल्ल्या द्यायच्या?

नवा कारागीर ठेवला की आपण त्याला कामापुरती हत्यारे देतो, तिजोरीची किल्ली देत नाही. संगणकावर मात्र हा शहाणपणा विसरतो.

एक्सेलच्या फाईलमध्ये ‘मॅक्रो’ नावाचा छोटा प्रोग्राम बसवता येतो. तो बिलांची बेरीज करतो, उधारीची यादी काढतो. पण एकदा परवानगी मिळाली की तो त्या फाईलपुरता राहत नाही. आपल्या इतर फायली उघडू किंवा पुसू शकतो, आपल्या नावाने ई-मेलही धाडू शकतो. मार्च १९९९ मध्ये वर्डमधील ‘मेलिसा’ मॅक्रो असाच एकेका संगणकातून ५० पत्त्यांवर पसरला होता.

याउलट, १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मलेली ‘लुआ’ ही भाषा दुसऱ्या प्रोग्रामच्या आत बसवतात. त्या प्रोग्रामने फायली हाताळण्याचे साधन दिलेच नाही, तर लुआला फाईल उघडता येत नाही.

मायक्रोसॉफ्टनेही २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो आपोआप अडवण्यास सुरुवात केली. म्हणून आम्ही सुचवतो : अनोळखी पार्टीच्या दरपत्रकाने ‘मॅक्रो चालू करा’ म्हटले, तर करू नका. दुकानासाठी प्रोग्राम बनवून घेताना मात्र जरूर विचारा, ‘याच्या हाती कोणकोणत्या किल्ल्या आहेत?’