पुराच्या पाण्यातील संसार आणि विम्याचे गणित

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांची उंची गाठली; सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. या दोन्ही प्रसंगी धरणांतील विसर्ग, नदीपात्रातील अतिक्रमणे आणि पूररेषा यांविषयी पुष्कळ चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु एक प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. घराच्या भिंती पुष्कळदा टिकतात. भिंतींच्या आतला संसार चिखलात कुजून जातो. त्याची भरपाई कोणी आणि कशी करावयाची?

मध्यमवर्गीय कुटुंबाची बरीचशी मिळकत लाकडी पलंग, कपाट, फ्रिज, शिलाई यंत्र, मुलांची पुस्तके अशा वस्तूंत गुंतलेली असते. त्यांतील काही वस्तू हप्त्यांवर घेतलेल्या असतात. वस्तू जाते, हप्ता मात्र राहतो. शासकीय मदतीचे स्वरूप पाहावे, तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीच्या निकषांत कपड्यांसाठी प्रतिकुटुंब २,५०० आणि भांडी व घरगुती सामानासाठी २,५०० रुपये धरले आहेत. २०१९ मध्ये राज्य शासनाने ग्रामीण कुटुंबास १० हजार व शहरी कुटुंबास १५ हजार रुपये जाहीर केले होते. एवढ्यात काही दिवस चूल पेटते. संसार पुन्हा उभा राहत नाही.

सोय आहे, पण...

विम्याची सोयच नाही, असे मात्र नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र देणे बंधनकारक झाले. त्यात पुराचा अंतर्भाव आहे. घराच्या इमारतीचा विमा उतरविल्यास तिच्या विमारकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानालाही वेगळी यादी न देता संरक्षण मिळते. भाडेकरूला केवळ सामानाचा विमा घेता येतो. रोख रक्कम त्यात येत नाही आणि दागिन्यांसाठी स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

अडचण आहे ती किमतीच्या तर्कशास्त्रात. आगविम्याचे ठरीव दर २००७ मध्ये रद्द झाल्यापासून प्रत्येक कंपनी आपला दर स्वतः ठरविते. सांगलीच्या सखल भागात २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वर्षी पाणी शिरले. दर खेपेस एका कुटुंबाचे एक लाखाचे सामान गेले असे उदाहरणादाखल धरू. सतरा वर्षांत तीन लाख, म्हणजे वर्षाला साडेसतरा हजारांहून अधिक. कंपनीने खर्च आणि नफा न धरता केवळ जोखमीचा मोबदला मागितला, तरी हप्ता इतका येईल. तो कोणत्या कारकुनाला परवडेल? उलट, अशा एका घरामागे पूर न येणारी नव्याण्णव घरे त्याच योजनेत असतील, तर हाच भार प्रत्येकी सुमारे पावणेदोनशे रुपयांवर येतो. परंतु ऐच्छिक विम्यात टेकडीवरचा रहिवासी सहसा येत नाही, नदीकाठचाच येतो. मग दर वाढतो, आणि दर वाढला की नदीकाठचाही मागे फिरतो. अर्थशास्त्रात यास प्रतिकूल निवड म्हणतात.

सर्वांनी मिळून भार

फ्रान्सने १९८२ मध्ये यावर मार्ग काढला. तेथे घराच्या व सामानाच्या प्रत्येक विम्यावर नैसर्गिक आपत्तीसाठी एकसमान दराने अधिभार घेतला जातो. पूर्वी १२ टक्के असलेला हा अधिभार १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के झाला. नदीकाठचा आणि डोंगरावरचा, दोघेही त्याच दराने भरतात. आपल्याकडे मुळात घरविमाच थोडे लोक घेत असल्याने अधिभार लावण्यास पायाच अपुरा आहे. म्हणून येथे आरंभ सामूहिक विम्याने करावा लागेल. शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांनी सर्व सभासदांच्या सामानाचा एकत्रित विमा उतरवावा. नगरपालिकांनी मालमत्ता करासोबत अल्प रक्कम घेऊन शहरातील प्रत्येक बिऱ्हाडाला, मग ते भाडेकरूचे का असेना, किमान संरक्षण द्यावे. अत्यंत गरीब कुटुंबांचा हप्ता शासनाने भरावा.

यावर एक रास्त आक्षेप असा की, स्वस्त विम्यामुळे पूररेषेत घरे बांधण्यास उत्तेजन मिळेल. ब्रिटनमध्ये २०१६ पासून चालू असलेल्या पूर-पुनर्विमा योजनेतून १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरे वगळली आहेत, ती याच कारणाने. आपणही तसा दिनांक ठरवावा. जुन्या वस्तीला आधार मिळावा, नव्या बेफिकिरीला मिळू नये.

पूर ओसरल्यावर मदतीसाठी रांगेत उभे राहणे सुशिक्षित कुटुंबांनाही चुकलेले नाही. वर्षाकाठी थोडी रक्कम सर्वांनी भरून ती रांग टाळता येत असेल, तर त्या खर्चाला महाग म्हणता येणार नाही. मात्र त्याचा निर्णय पुढचा पावसाळा येण्यापूर्वी व्हावयास हवा.