कुत्र्या-मांजरांच्या गुदग्रंथींचे विकार : जंत नव्हे, जखमही असू शकते

रायपूरला लागून असलेले औद्योगिक बीरगांव असो वा विदर्भातील एखादे खेडे, कुत्रा जमिनीवर बूड घासू लागला की 'जंत झाले' असे समजून जंतनाशक दिले जाते. हे निदान काही वेळा अचूक ठरते. गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यांसारखे पट्टकृमीचे तुकडे दिसल्यास जंतनाशकासोबत पिसवांचेही नियंत्रण करावे. अन्यथा बाधित पिसू गिळली जाऊन कृमी पुन्हा होतात.

मात्र सडक्या मासळीसारखा दर्प येत असेल, तर गुदग्रंथी तपासाव्यात. गुदद्वाराच्या दोन्ही अंगांस, घड्याळातील 4 व 8 या अंकांच्या जागी, या दोन पिशव्या असतात. घट्ट विष्ठेच्या दाबाने त्यांतील स्राव बाहेर पडतो. विष्ठा वारंवार पातळ राहिल्यास तो साचतो, संसर्ग होऊन पू धरतो आणि गळू फुटते. मांजर बहुधा ती जागा सतत चाटत राहते.

पावसाळ्यात खरा धोका यापुढेच असतो. क्रायसोमिया बेझियाना ही माशी उघड्या जखमेच्या कडेला अंडी घालते. सुमारे एका दिवसात निघालेल्या अळ्या जिवंत मांस पोखरू लागतात. यालाच 'आसडी पडणे' म्हणतात. अशा जखमेत रॉकेल किंवा फिनाईल ओतू नये. मांजरांना फिनाईल विशेष घातक असते. सूज दिसताच पिशवी घरी न दाबता जनावरास पशुवैद्यकाकडे न्यावे व तोवर जखमेवर माशी बसू देऊ नये.