जोडताऱ्यांचें गणित

नववधूस आपण वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवितों. पण दुर्बिणींतून पाहतां तो एकटा वसिष्ठच जोडतारा निघतो! अशा जोड्या आकाशांत विपुल आहेत. फार निकटच्या जोडींत एक तारा फुगला, कीं त्याचें द्रव्य सोबत्याकडे वाहतें व दोघांचेंहि आयुष्य पालटतें. याचें सविस्तर गणित संगणकासहि वेळखाऊ. मग लक्षावधि जोड्यांची वाट काय? हर्ली, टाउट व पोल्स यांनीं २००२ सालीं तारकाजीवनाचीं आयतीं सूत्रें योजून एका जोडीचा जन्मापासून अंतापर्यंतचा हिशेब क्षणार्धांत उरकण्याची सोय केली. शीघ्रता मिळाली, पण फुकट नव्हे. दोन्ही तारे एकाच वायुवेष्टनांत सांपडले, म्हणजे पुढें काय होतें, हें त्या हिशेबांत अद्यापि बव्हंशीं अंदाजानेंच मांडावें लागतें.